रविवारची चांदी

मुलुंडच्या त्या घरात खोली मिळवण्यासाठी मला जी मुलाखत द्यावी लागली, ती माझ्या नोकरीच्या मुलाखतीपेक्षा अवघड होती. नोकरी घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती आणि तिथल्या डॉक्टरांनी 'सकाळी वेळेवर पोचशील ना?' एवढंच विचारलं होतं. घरमालक काकांनी मात्र मला समोर बसवलं, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "अंडी खातेस?"

मी चिपळूणची. आमच्याकडे अंड्याला कोणी मांसाहार म्हणत नाही. पण मुंबईत भाड्याने खोली शोधताना या प्रश्नाचं काय उत्तर द्यायचं, ते मैत्रिणींनी आधीच पढवून ठेवलं होतं. मी म्हटलं, "नाही काका. आम्ही घरी शुद्ध..."

"ते मला नकोय," काकांनी हात वर केला. "तू बाहेर काय वाटेल ते खा. घरात अंडं उकडायचं नाही. अंड्यात गंधक असतं. गंधक चांदीला खातं."

मग केसांना लावायच्या रबराची चौकशी झाली, कारण रबरातही गंधक असतं. लोकरीचा स्वेटर आहे का, ते विचारून झालं. उदबत्ती लावतेस का, अंगावर काही फवारतेस का, कांदा चिरून उघडा ठेवायची सवय आहे का. भाडं किती, पाणी किती वाजता येतं, दाराची किल्ली मिळणार की नाही, या गोष्टी मला नंतर काकूंनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हळू आवाजात सांगितल्या. काकांच्या लेखी तो किरकोळ तपशील होता.

मला वाटलं, या माणसाकडे पोतंभर चांदी असणार. प्रत्यक्षात लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात मावेल इतकीच होती. मुंबईतल्या कुठल्याही मध्यमवर्गीय घरात लग्नामुंजींतून जमते तेवढी. ताम्हन, पळी-पंचपात्र, जोडीची निरांजनं, करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी, काही वाट्या आणि एक मोठं ताट. इतर घरांत ती वर्षभर काळी पडून राहते आणि गणपतीच्या आदल्या दिवशी कोणीतरी दंतमंजन लावून घाईघाईने उजळते. आमच्याकडे दर रविवारी तिचा सोहळा असे.

सकाळचा चहा झाला की काका हॉलमध्ये जुनी चादर अंथरत. खिडक्या बंद, पंखा बंद, कारण वाऱ्याने रांगोळी उडते. मे महिन्यातसुद्धा हाच कायदा. अंगात बंडी, कमरेला पंचा आणि नाकावर करोनाच्या काळातला उरलेला मास्क, अशा थाटात ते मांडी घालून बसत. समोर वस्त्रगाळ केलेली पांढरी रांगोळी, वाटीत पाणी, कोपऱ्यांसाठी केस मऊ झालेला दात घासायचा ब्रश आणि त्यांच्या वडिलांच्या धोतराचे चौकोनी तुकडे. नवं कापड चांदीला टोचतं असं त्यांचं मत होतं. कापड एका माणसाने आयुष्यभर नेसून मऊ केलेलं हवं.

"चांदी घासायची नसते," असं ते मला दर रविवारी नव्याने सांगत. "तिची समजूत काढायची असते."

समजूत निघेपर्यंत घरातल्या कोणी मोठ्याने बोलायचं नाही, मिक्सर लावायचा नाही आणि दार उघडायचं नाही. दूधवाला, कचरेवाली, कुरियरवाला, सगळ्यांना काकांच्या रविवारची सवय झाली होती. नवा कोणी आला आणि बेल वाजवली, तर काका मास्कमागून असे हुंकारत, जणू ऑपरेशन थिएटरात कोणी चप्पल घालून शिरलं असावं.

काकूंना चांदीला हात लावायची परवानगी नव्हती. त्या घरातली यच्चयावत भांडी घासत होत्या, कढया तळापर्यंत चकचकीत करत होत्या. पण काका म्हणायचे, "तिचा हात भांड्यांचा आहे. चांदी म्हणजे भांडं नव्हे." काकू यावर काही बोलत नसत. फक्त अशा वेळी स्वयंपाकघरात स्टीलचं एखादं पातेलं जरा जोरात ठेवल्याचा आवाज येई.

काकांनी मनुष्यजातीचे दोन भाग केले होते. सरळ घासणारे आणि गोल घासणारे. सरळ घासणारा माणूस शिस्तीचा, सचोटीचा, शब्दाला जागणारा. गोल घासणारा आळशी, मतलबी आणि वेळ आली की पलटणारा. समोरच्याने आयुष्यात चांदीला हात लावलेला नसला तरी काकांना ते चेहऱ्यावरून कळायचं. सोसायटीचा सेक्रेटरी गोल घासणारा होता. टीव्हीवर एखादा पुढारी भाषण करायला उभा राहिला की काका दोन वाक्यं ऐकत आणि निकाल देत, "गोल." या बाबतीत त्यांचा निकाल फारसा चुकत नसे, हे मान्य केलं पाहिजे.

एवढी समजूत काढलेली चांदी वापरात मात्र कधी यायची नाही. देवापुढे पितळेची निरांजनं, जेवायला स्टीलची ताटं, पाहुण्यांना काचेचे पेले. चांदी घासायची, मलमलीत गुंडाळायची आणि कपाटात ठेवायची. एका संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकू ठेवलं आणि धीर करून गुलाबदाणी मागितली. काकांनी बराच विचार करून ती दिली, पण गुलाबपाणी भरू दिलं नाही, कारण पाण्याचे डाग पडतात. मग काकूंनी दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येक बाईवर रिकामी गुलाबदाणी तीन-तीनदा झटकली. बायकाही समजूतदार. कोरड्या साड्या सावरत 'वास छान आहे हो' म्हणाल्या. काका बेडरूमच्या दारातून गुलाबदाणीकडे लक्ष ठेवून होते.

वारा फिरला की आमच्याकडे कधी नाल्याचा, कधी कचऱ्याच्या डंपिंगचा वास यायचा. बाकीचे लोक नाक दाबत, काका कपाट दाबत. हवेत गंधक आहे याचा पुरावा म्हणून त्यांनी गॅलरीत दोऱ्याला चांदीचा एक छोटा चमचा टांगला. तो काळाभोर झाल्यावर डबीत घालून ते वॉर्ड ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी तो उलटसुलट पाहून विचारलं, "हरवलेल्या वस्तू पोलीस स्टेशनला जमा करायच्या असतात, इथे कशाला आणलात?" काका घरी आले ते दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाले, "गोल."

मी ही सगळी गंमत फोनवरून आईला सांगायचे आणि आम्ही दोघी हसायचो. पहिली भाऊबीज येईपर्यंत मला तो फक्त एक विक्षिप्त म्हातारा वाटत होता.

भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचं असतं. आमच्या घरात उलटं होतं. काकांची धाकटी बहीण वाकोल्याहून मुलुंडला यायची. काका तिच्याकडे का जात नाहीत, असं मी विचारलं तर ते म्हणाले, "वाकोल्यात पार्किंग मिळत नाही." काकांकडे सायकलसुद्धा नव्हती.

खरं कारण काकूंनी भाजी निवडता निवडता सांगितलं. नणंदेने तरुणपणी आपल्या ऑफिसातल्या एका बौद्ध सहकाऱ्याशी लग्न केलं होतं. त्या घरात याचा उल्लेख 'तिने तिकडे केलं' असा व्हायचा. 'तिकडे' म्हणजे वाकोल्याला नव्हे, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. आईवडील गेले, बहिणीचे केस पिकले, तिला नातवंडं झाली, पण काका एकदाही तिच्या घराची पायरी चढले नव्हते. भांडण नव्हतं. वाईट बोलणंही नव्हतं. फक्त पार्किंग मिळत नव्हतं.

आत्या आल्या त्या हातात फराळाचे डबे घेऊन. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, चप्पल काढता काढताच बोलायला लागणाऱ्या. त्यांनी लाडवांचा डबा टेबलावर ठेवला. काका म्हणाले, "ठेव, नंतर खाऊ." आत्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे दर वर्षी नंतर खातात. गेल्या वर्षी खालचा वॉचमन मला म्हणाला, मावशी, लाडू झकास झाले होते."

काका छताकडे बघायला लागले. काकू आत निघून गेल्या.

मग आत्यांनी ओवाळलं. काकांनी ओवाळणी म्हणून एक खोकं पुढे केलं. त्यात स्टीलचं ताट होतं. आत्यांनी ते न उघडताच बाजूला ठेवलं. "दादा, माझ्याकडे तुझी स्टीलची इतकी ताटं झालीत की मी कॅटरिंग सुरू करू शकते. माझं ताट दे ना."

"तुझं ताट सुरक्षित आहे."

"दाखव तरी."

काकांनी कपाट उघडून ते मोठं ताट आणलं. आत्यांनी चष्मा बदलला, ताट खिडकीपाशी नेलं आणि त्याच्या काठावरून बोट फिरवत वाचायला लागल्या. ती त्यांची दर वर्षीची तपासणी होती. आत्यांना नोकरी लागली तेव्हा त्यांच्या आईने स्वतःचे वाळे आणि पैंजण मोडून ते ताट करून घेतलं होतं आणि काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव ठोकून घेतलं होतं: चि. सुलोचना हिस आईकडून. पुढे लग्न झालं तेव्हा ताट घरातच राहिलं. आईवडिलांनंतर काकांनी ते आपल्या चांदीत घेतलं आणि दर रविवारी त्याची समजूत काढायला लागले.

"चि. तर कधीच गेला," आत्या म्हणाल्या. "आईकडून पण गेलं. गेल्या वर्षी मी सुलोचना होते. आता नुसती लोचना दिसतेय. पुढच्या वर्षी त्यातला न गेला की फक्त लोचा उरेल."

मला हसू फुटलं. आत्याही हसल्या. काका म्हणाले, "मी मुद्दाम घासत नाही. तिथे डाग बसतो."

"नावाचा?" आत्यांनी विचारलं.

काकांनी त्यांच्या हातातून ताट घेतलं, बोटांचे ठसे धोतराच्या तुकड्याने पुसले आणि कपाटात ठेवलं. जेवणं झाली. आत्या स्टीलच्या ताटात जेवल्या, स्टीलचं ताट घेऊन वाकोल्याला गेल्या.

त्यानंतर मला रविवारचा तो सोहळा तितकासा गमतीचा वाटेना. काका ताटाच्या काठाशी आले की मी त्यांच्या हाताकडे बघत बसायचे. सरळ, एका लयीत, एकाच जागी हात चालायचा.

म्हणून मी एकदा त्यांना सोपा उपाय दाखवला. ते डॉक्टरकडे गेले असताना परातीत अॅल्युमिनियमची फॉइल अंथरली, वर त्या आठवड्यात काळवंडलेली एक वाटी ठेवली, मूठभर खायचा सोडा आणि मीठ टाकलं आणि कढत पाणी ओतलं. जरासा कुबट वास आला आणि बघता बघता वाटीचा काळेपणा उतरून फॉइलवर गेला. काकू बघतच राहिल्या. घासणं नाही, रांगोळी नाही, पंखा चालू.

काका आल्यावर मी वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली, आत बघितलं, बाहेर बघितलं. डाग कुठेच नव्हता. "कशाने केलंस?"

मी सांगितलं. गंधक चांदीला सोडतं आणि अॅल्युमिनियमला जाऊन चिकटतं, हेही सांगितलं. मला वाटलं, गंधकाचा एवढा अभ्यास असलेल्या माणसाला आनंद होईल.

"ही चलाखी आहे," ते म्हणाले. "हे स्वच्छ करणं नव्हे."

"पण काका, चांदी अजिबात झिजत नाही यात. घासलं की दर वेळी थोडी थोडी जाते."

"कष्ट न करता आलेली चमक टिकत नाही," असं म्हणून त्यांनी ती लखलखीत वाटी रांगोळीने पुन्हा घासायला घेतली. आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या खोलीचा दिवा चालू राहिला तर काकूंना सांगत, "तिला सांग."

त्या रात्री जेवताना काकूंनी मला हळूच विचारलं, "म्हणजे त्या पद्धतीने नाव जात नाही?"

"नाही काकू. नाव तसंच राहतं."

"मग त्यांना ती पद्धत कशी आवडेल," काकू म्हणाल्या आणि मला अजून एक पोळी वाढली.

पुढे पावसाळ्यात काकांचा उजवा खांदा आखडला. हात कानापर्यंतसुद्धा जाईना. डॉक्टरांनी व्यायाम दिला आणि घासणं, पिळणं, उचलणं पूर्ण बंद करायला सांगितलं. काका म्हणाले, "फक्त रविवारी?" डॉक्टर म्हणाले, "रविवारीसुद्धा." घरी येताना रिक्षात काकांनी त्यांचंही वर्गीकरण करून टाकलं.

पहिले काही रविवार काकांनी चादर अंथरून नुसतं चांदीसमोर बसून काढले. डाव्या हाताने जमतंय का पाहिलं. डावा हात आपोआप गोल फिरायचा. ते स्वतःच घाबरले आणि थांबले. त्यातच पावसाळी दमट हवा, शेजारचा नाला तुंबलेला. ताम्हन पिवळं पडलं, मग तपकिरी झालं. निरांजनं निळसर काळी पडली. काका रोज कपाट उघडून आजाऱ्याची नाडी बघावी तसं बघत आणि बंद करत.

शेवटी एका दुपारी त्यांनी हाक मारली, "अगं, ऐकलंस का? तू जरा हात लावतेस का चांदीला? मी सांगतो तसं करायचं. सरळ."

काकू कणीक मळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माझा हात भांड्यांचा आहे," त्या म्हणाल्या.

काकूंनी त्यांना उलट उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं आणि इतक्या वर्षांत बहुधा काकांनीही नव्हतं. ते मग माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "काका, मला ती फॉइलचीच पद्धत येते." त्यांनी कपाट लावून घेतलं.

दिवाळी आली तरी चांदी काळीच. भाऊबीजेला आत्या आल्या, ओवाळून झालं, स्टीलच्या ताटाचं खोकं पुढे आलं आणि आत्यांनी नेहमीसारखं म्हटलं, "दाखव माझं ताट."

"या वर्षी नको," काका म्हणाले. "अवस्था बघवत नाही."

कपाट काकूंनी उघडलं. ताट बाहेर काढलं आणि नणंदेच्या हातात दिलं. ते गडद तपकिरी पडलं होतं, काठाकाठाने जांभळट झाक आली होती. आत्यांनी चष्मा बदलला, खिडकीपाशी गेल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या म्हणून मी उठून बघायला गेले.

ताटाचा काठ तपकिरी होता, पण ठोकलेल्या ठिपक्यांच्या जागी, जिथे हाताला आता नुसतं गुळगुळीत लागत होतं, तिथे काळेपणा जास्त साचला होता. पुसट का होईना, पूर्ण ओळ दिसत होती. चि. सुलोचना हिस आईकडून. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

आत्यांनी ती मोठ्याने वाचली नाही. ताट भावासमोर धरलं आणि विचारलं, "दिसतंय?"

काकांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. "दिसतंय," ते म्हणाले.

"वहिनी, मला यात वाढ."

"काळं आहे ते, सुलू," काका म्हणाले. "तोंडाला लागेल. निदान पुसून तरी..."

"पुसायचं नाही. एक केळीचं पान टाक गं वहिनी आणि वाढ."

काकूंनी पान टाकून वरणभात, बटाट्याची भाजी, श्रीखंड, पुरी असं सगळं साग्रसंगीत वाढलं. त्या ताटात कोणी जेवायला बसण्याची ती पहिलीच वेळ असावी. आत्या सावकाश जेवल्या, पुन्हा भात मागून घेतला. काका समोर बसून एकेक घासाकडे बघत होते, आणि वरणाचा एक ओघळ पानावरून ताटाच्या काठाकडे निघाला तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. जेवण झाल्यावर आत्यांनी पान काढलं, ताट कोरड्या फडक्यात गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. स्टीलच्या ताटाचं खोकं टेबलावर तसंच राहिलं.

"येते रे दादा," त्या म्हणाल्या.

काका दारापर्यंत गेले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. माफी म्हणा, भांडण म्हणा. ते म्हणाले, "तारेची घासणी लावू नकोस त्याला."

त्यानंतर एक अजब गोष्ट सुरू झाली. ज्या बहिणीला वर्षातून एकदा भेटायचं, तिला काका दर रविवारी फोन करायला लागले. 'कशी आहेस' वगैरे काही नाही. "कुठे ठेवलंयस? स्वयंपाकघरात नको, गॅसचा धूर लागतो." "कशात गुंडाळलंस? वर्तमानपत्रात? अगं, शाईत गंधक असतं." पलीकडून आत्यांचा आवाज मला खोलीत ऐकू यायचा. त्या सांगायच्या की गुंडाळलेलं नाही, नातू रोज त्यात जेवतो, आज अंडाकरी आहे. काका फोन ठेवून डोळे मिटून बसायचे. आणि पुढच्या रविवारी परत करायचे.

वर्षभरात खांदा सुटला. पण उरलेली चांदी घासण्यात काकांचं मन लागेना. ताम्हन निम्मं घासून ठेवून देत. पुन्हा दिवाळी आली, तेव्हा आत्यांनी फोनवर सांगून टाकलं, "या वर्षी माझे गुडघे धरलेत. मी यायची नाही. ओवाळून घ्यायचं असेल तर तू ये." पार्किंगचा विषय निघण्याआधीच त्या म्हणाल्या, "रिक्षाने ये."

काकूंना त्या दिवशी ताप होता. त्यामुळे सोबत म्हणून मी गेले. काकांनी पिशवी भरली होती. मला वाटलं ओवाळणी असेल. त्यात वस्त्रगाळ रांगोळी, ब्रश आणि धोतराचे तुकडे होते.

आत्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यांच्या यजमानांनी उघडलं. उंच, सडपातळ, मिस्कील गृहस्थ. इतक्या वर्षांनी दारात उभ्या असलेल्या मेहुण्याला पाहून ते म्हणाले, "या. आमच्याकडे दिवाळी नसते, पण हिला भाऊ आहे म्हणून भाऊबीज असते." काका नुसते "हं" म्हणाले आणि चप्पल काढायला वाजवीपेक्षा जास्त वेळ घेतला.

ताट टेबलावरच होतं. रोजच्या वापराने त्याला ओरखडे पडले होते, मध्ये बारीकसा पोचा होता. पण काळं नव्हतं. रोज धुतलं जात असल्यामुळे मऊ, पांढुरकं दिसत होतं. काकांनी बसायच्या आधी ते उचललं आणि काठ बघितला. नाव पुन्हा पुसट झालं होतं, पण या वेळी वाचणाऱ्याला कुठे बघायचं ते माहीत होतं. ते पिशवीत हात घालणार, तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "ती पिशवी दाराशी ठेव, दादा. आधी ओवाळते, मग जेव."

ओवाळून झालं. आतून तव्यावर सुरमई टाकल्याचा वास आला. काका सावरून बसले आणि म्हणाले, "जेवायचं नको बरं का. आज माझा उपास आहे."

भाऊबीजेचा उपास मी जन्मात ऐकला नव्हता. मी मान खाली घातली. आत्यांचे यजमान खिडकीबाहेर बघायला लागले. अनेक वर्षं 'नंतर खाऊ' म्हणून वॉचमनकडे गेलेले लाडू तिथे खोलीत जमिनीवर येऊन बसल्यासारखं वाटलं मला.

आत्या मात्र अजिबात चिडल्या नाहीत. "मला वाटलंच होतं तू उपास काढशील," त्या म्हणाल्या. "म्हणून वरीचे तांदूळ केलेत आणि दाण्याची आमटी. बटाट्याची भाजी शेंगदाण्याच्या तेलात आहे. रताळ्याच्या गोड काचऱ्या आहेत. तुझ्यासाठी भांडीसुद्धा वेगळी घेतली, एकदम नवी. तूच दिलेली आहेत."

आणि त्यांनी काकांसमोर स्टीलचं कोरं ताट मांडलं.

काकांनी ताटाकडे बघितलं. बहिणीकडे बघितलं. मग दाराकडेही बघितलं, पण तिथे त्यांचे मेहुणे पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. सबब म्हणून काढता येईल असं आता काहीच उरलं नव्हतं. पोट बिघडलंय म्हणाले असते तर आत्यांनी बहुधा मऊ भातही काढला असता.

ते जेवले. सुरुवातीला औषध घ्यावं तसे, मग जरा बरे. आमटी दुसऱ्यांदा घेतली. चांदीच्या ताटात समोर आत्यांचे यजमान सुरमई जेवत होते आणि काटे शिस्तीत एका कडेला लावून ठेवत होते. काका त्या काट्यांकडे बघत राहिले. "लिंबू पिळू नका त्यात," एवढंच एकदा न राहवून म्हणाले. यजमानांनी लिंबाची फोड मुकाट्याने बाजूला ठेवली. जेवणानंतर काकांनी पिशवी उघडली नाही. विसरले की टाळलं, मला सांगता येणार नाही. परत येताना ती मीच दाराशी जाऊन उचलली.

घरी पोचलो तेव्हा काकू शाल पांघरून हॉलमध्ये बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "जेवून आलात?"

"उपासाचं खाल्लं," काका म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"तिच्या हातचं?"

"मग काय हॉटेलातलं?" काकांनी टोपी खुंटीला लावली, आत जाऊन पाय धुऊन आले, पंखा सुरू केला आणि खुर्चीत टेकले. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "दाण्याच्या आमटीत आमसूल जास्त झालं होतं. पुढच्या वर्षी तिला आधीच सांगायला हवं."

काकूंनी शाल नीट लपेटून घेतली.

"पुढच्या वर्षी मीपण येणार आहे," त्या म्हणाल्या. "आणि तिला सांगून ठेवा, माझा उपास नसतो."